दोन दारांची जुनी गाडी आणि नाशिकचा हिवाळा

दसऱ्याच्या सुमारास पाऊस मागे हटला, गंगापूर रस्त्याच्या कडेचा चिखल वाळून त्याची धूळ झाली आणि पहाटेच्या हवेत पहिला गारवा जाणवू लागला, की वाहनांविषयी आस्था बाळगणाऱ्या नाशिककरांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास डोकावतो. घरात रोजच्या उपयोगाची चार दारांची गाडी असताना, मुंबई-पुण्याच्या एखाद्या पहिल्या मालकाने हौसेने घेऊन काही वर्षांनी विकायला काढलेली, दोन दारांची, बुटकी, वेगवान कूपे हिवाळ्यासाठी म्हणून घ्यावी काय? प्रश्न वरवर पाहता चैनीचा आहे आणि म्हणून पुष्कळ सुज्ञ माणसे तो एका वाक्यात निकालात काढतात. मला तो तसा निकालात काढण्याजोगा वाटत नाही. कारण हवामान, रस्ते, कुटुंबाची रचना, मोटार वाहन कायदा, विमा आणि यंत्रशास्त्र अशी अनेक अंगे त्यात एकत्र आलेली आहेत, आणि त्यांपैकी एकाचा जरी विचार राहून गेला तरी लाखो रुपयांचा व्यवहार घरातल्या कायमच्या कुरबुरीचे कारण होतो.

हिवाळ्यासाठी वेगळी गाडी ठेवण्याची रीत मूळची बर्फाच्या मुलखातली. टोरांटो, मॉन्ट्रियल किंवा डेट्रॉइटच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिचा परिचय असतो. तेथे नोव्हेंबरपासून रस्त्यांवर मीठ पसरले जाते, त्या मिठाने बर्फ वितळतो खरा, पण तेच खारे पाणी गाडीच्या तळाशी, चाकांच्या कमानींत आणि ब्रेकच्या नळ्यांवर साचून पोलाद अक्षरशः खाऊन टाकते. म्हणून चांगली गाडी आच्छादनाखाली ठेवायची आणि एखादी जुनी, स्वस्त, गंजली तरी जिवाला चटका न लावणारी गाडी त्या चार-पाच महिन्यांच्या स्वाधीन करायची, असा तिकडचा शहाणपणाचा प्रघात आहे. क्यूबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च या मुदतीत हिवाळी टायर लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे, कारण तापमान सात अंशांच्या खाली गेले की सामान्य उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन रस्ता धरीनासे होते. अशा ठिकाणी मागच्या चाकांना जोर देणारी, रुंद टायरांची, जमिनीलगतची कूपे हिवाळ्यासाठी घ्यावी की नाही याचे उत्तर बहुतेक जाणकार नकारार्थी देतात, आणि ज्यांना ती घ्यायचीच असते ते टायरांचा दुसरा संच, डिकीत थोडे वजन आणि पुष्कळसा संयम यांची तजवीज करून मगच घेतात.

नाशिकला हा विचार जसाच्या तसा लागू करणे ही मूलभूत चूक होय. आपल्याकडे गाडीचा नाश करणारा ऋतू हिवाळा नव्हे, तो पावसाळा. नाशिक शहरात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो काही फार नव्हे. परंतु पश्चिमेकडे त्र्यंबकेश्वराच्या दिशेने किंवा जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरच्या इगतपुरीकडे निघाले की हा आकडा झपाट्याने चढत जातो आणि इगतपुरीला तो तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. मुंबईला जायचे तर हाच मार्ग, कसारा घाटाचा. शहरातही सराफ बाजार, भांडी बाजार या सखल भागांत पाणी शिरते. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षी गोदावरीला आलेले महापूर अजून पुष्कळांच्या स्मरणात आहेत, आणि दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अवयवापर्यंत पाणी चढले यावरून पुराचे मान सांगण्याची पंचवटीची पद्धत आजही सर्वांना कळते. पूर ओसरल्यावर उरतात ते खड्डे, आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कोणत्याही चालकाला वरून दिसत नाही. ज्या गाडीचा तळ जमिनीपासून वीतभरही उंच नाही आणि जिच्या इंजिनाचा श्वास घेण्याचा मार्ग पुढच्या बंपरच्या आसपास आहे, तिने आषाढात या रस्त्यांवर उतरणे म्हणजे नुकसानीला आमंत्रण देणे होय.

यावरून जो निष्कर्ष निघतो तोच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. बर्फाच्या देशांत हिवाळ्याची गाडी म्हणजे ऋतूच्या स्वाधीन करायची गाडी. नाशिकमध्ये मात्र हिवाळा हाच असा काळ आहे की ज्यात एरवी गैरसोयीची ठरणारी कूपे आपल्या खऱ्या गुणांनी वागू शकते. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत रस्ते कोरडे असतात, पावसाने उखडलेल्या डांबराची दुरुस्ती दिवाळीनंतर बऱ्यापैकी उरकलेली असते, आणि हवा थंड व दाट असते. ही दाटी केवळ कल्पनेतली नव्हे. पस्तीस अंशांच्या हवेपेक्षा दहा अंशांची हवा सुमारे आठ-नऊ टक्क्यांनी अधिक घन असते, आणि नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर असल्याने इंजिनाला जी काही हवेची उणीव भासते ती थंडीत पुष्कळ अंशी भरून निघते; टर्बो इंजिनाच्या गाडीत तर हा फरक पायाखाली स्पष्ट कळतो. निफाडजवळच्या कुंदेवाडीला पारा कधी कधी चार-पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागाईतदार पहाटे बागांत शेकोट्या पेटवून मणी वाचवतात. तेवढ्या पहाटे पिंपळगावकडे निघालेल्याने रुंद उन्हाळी टायर थोडे गरम होईपर्यंत पहिले काही किलोमीटर बेताने चालवावेत, एवढीच काय ती बर्फाळ देशांच्या अनुभवातून आपल्याला घेण्याजोगी खबरदारी.

तथापि कोरडा रस्ता म्हणजे निर्विघ्न रस्ता नव्हे. ज्या गोष्टीचा पावसाशी काही संबंध नाही आणि जी बाराही महिने जागच्या जागी असते, ती म्हणजे गतिरोधक. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, अर्थात ऐसपैस पसरट असावयास हवा. त्यावरून दीडशे मिलिमीटर उंचीची गाडी विनासायास जाऊ शकते. प्रत्यक्षात वसाहतींतून आणि गावांच्या वेशींवर जे गतिरोधक आढळतात ते पुष्कळदा अरुंद आणि उभट असतात. गाडी अशा उंचवट्यावरून जाईल की नाही हे नुसत्या जमिनीपासूनच्या उंचीवरून ठरत नाही, पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतरावरूनही ठरते. अंतर जितके लांब तितका मधला तळ टेकण्याचा संभव अधिक. फोर्डची मस्टँग २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा तिच्याविषयी जेवढे कौतुक झाले तेवढीच ही शंकाही बोलून दाखवली गेली, कारण तिची उंची एकशे चाळीस मिलिमीटरलाही पुरती पोचत नव्हती. म्हणून सौदा करण्यापूर्वी आपल्या घराच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा मार्ग पायी चालून पाहावा, सोबत मोजपट्टी न्यावी, आणि इमारतीच्या तळघरातील पार्किंगचा उतार किती तीव्र आहे हेही पाहावे. २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेल्या कामांमुळे शहरातील कित्येक रस्त्यांची पातळी आज एक आणि उद्या एक अशी असते, तेव्हा ही पाहणी एकदाच करून भागणार नाही.

आता दोन दारांचा प्रश्न. हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही आणि त्याचा निकाल एकदा लागलेला आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीने १९६१ मध्ये स्टँडर्ड हेराल्ड ही गाडी बाजारात आणली तेव्हा ती दोन दारांची होती. मिकेलोत्ती या इटालियन आरेखकाने रेखाटलेली तिची आकृती त्या काळच्या अँबॅसेडर आणि फियाटच्या जोडीला ठेवली तर अत्यंत सुबक दिसे. पुढचा संपूर्ण दर्शनी भाग, मडगार्डांसकट, एखाद्या पेटीच्या झाकणासारखा पुढे कलून उघडे, आणि इंजिनाचे काम करायला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा मिळे. एवढे असूनही कंपनीला त्याच दशकाच्या अखेरीस चार दारांची आवृत्ती काढावी लागली, कारण आपल्या घरांत गाडी ही एका माणसाची नसते. नऊवारी नेसलेल्या आजीने पुढचे आसन वाकवून, मान आणि कंबर एकाच वेळी लवचीक करून मागे जाऊन बसावे ही अपेक्षा त्या काळच्या गिऱ्हाइकाला मान्य नव्हती. पुढे १९९८ मध्ये गोव्यात सॅन मोटर्सने स्टॉर्म ही छप्पर उघडणारी दोन आसनी गाडी बनवली. फायबरग्लासची काया आणि फ्रान्सच्या रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन असलेल्या या गाडीत मागे आसनच नव्हते, म्हणून निदान कोणाची फसगत होण्याचा प्रश्न नव्हता. तिचा खप फार झाला नाही, परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी असे धाडस कोणी केले होते ही गोष्ट मराठी माणसाने विसरता कामा नये. २०१६ च्या अखेरीस फोक्सवॅगनने पोलोची जीटीआय आवृत्ती तीन दारांची करून अगदी थोड्या संख्येने आणली, ती आज जुन्या बाजारात दिसली तर जाणकार थबकून पाहतात.

मागच्या आसनाची ही अडचण केवळ वृद्धांपुरती नाही. कूपेची दारे लांब असतात. नाशिकच्या जुन्या गल्ल्यांत किंवा दोन खांबांच्या मध्ये आखलेल्या पार्किंगमध्ये ती पुरती उघडत नाहीत, आणि अर्धवट उघडलेल्या दारातून मागे लहान मुलाचे आसन बसवणे हे काम ज्याने केले आहे त्यालाच त्याचा त्रास कळेल. म्हणून माझे मत असे, की कूपेच्या मागच्या दोन जागा मोजणीत धरूच नयेत. ती दोघांची गाडी आहे असे घरातील सर्वांनी मोकळ्या मनाने कबूल केले, आणि आई-वडिलांना वणीच्या गडावर न्यायला दुसरी गाडी दारात आहे, तरच पुढचा विचार करावा. घरात एकच गाडी राहणार असेल तर हा लेख येथेच बाजूला ठेवून चार दारांची गाडी घ्यावी, असे मी निःशंकपणे सांगेन.

याच संदर्भात दुसरी एक गाडी नाशिककरांच्या डोळ्यांसमोर असते, कारण ती याच शहरात तयार होते. महिंद्रची तीन दारांची थार, २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आलेली, २२६ मिलिमीटर उंचीची, मागच्या आसनापुरती तितकीच गैरसोयीची परंतु कसारा घाटातल्या पावसाला न डगमगणारी. दोन दारेच हवी असतील तर जुनी थार का घेऊ नये, असे पुष्कळ जण विचारतात, आणि सुटे भाग, कारागीर व पुनर्विक्री या तिन्ही कसोट्यांवर त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. पण ज्याला वळणावर जमिनीलगत बसून, गाडी कलू न देता जाण्याचे सुख हवे आहे त्याला उंच गाडी देणे म्हणजे त्याची मागणीच नाकारणे होय. रॅली ऑफ महाराष्ट्रच्या निमित्ताने राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या नाशिकच्या मातीत भरत आलेल्या आहेत, तेव्हा वळणावर गाडी कशी वागते या प्रश्नाला येथे रसिक श्रोते पूर्वीपासून आहेत. दोन्ही गरजा प्रामाणिक आहेत. त्या एक नाहीत.

समजा, घरात दुसरी गाडी आहे, फाटकापासून रस्त्यापर्यंतची मोजणी अनुकूल आली आहे आणि मन पक्के झाले आहे. अशा वेळी बहुतेक लोक दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी पाहायला निघतात. मी उलट सल्ला देईन: हिवाळ्यात चालवायची गाडी पाहावी भर पावसात, श्रावणात. त्या दिवसांत अशा गाड्यांना गिऱ्हाईक कमी असते, त्यामुळे किमतीत विक्रेता नरम असतो, हा फायदा आहेच. परंतु खरा लाभ परीक्षेचा आहे. दाराच्या रबरी पट्ट्या वाळल्या आहेत की नाहीत, सनरूफच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या आहेत काय, काचा आतून धुरकटतात काय, ओल्या रस्त्यावर ब्रेक एका बाजूला खेचतात काय, या प्रश्नांची उत्तरे कोरड्या दिवशी कोणताही विक्रेता देऊ शकत नाही आणि पावसात कोणताही विक्रेता लपवू शकत नाही.

आणि पुरात बुडालेल्या गाड्यांची भीती काल्पनिक नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील जलप्रलयानंतर आणि २०१५ च्या अखेरीस चेन्नईत आलेल्या पुरानंतर भिजलेल्या हजारो गाड्या विमा कंपन्यांच्या हातून लिलावात गेल्या, आणि त्यांपैकी धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आलेल्या गाड्या देशभर पांगल्या. माझ्या परिचयाचे एक वयस्कर मिस्त्री आहेत. गाडी दाखवायला नेली की ते बॉनेटला हातही लावत नाहीत. आधी चालकाच्या बाजूचा पट्टा शेवटपर्यंत खेचून बाहेर काढतात, कारण पट्ट्याचा जो भाग एरवी गुंडाळलेला असतो त्यावर गढूळ पाण्याची रेघ उमटलेली असली तर ती कोणी धूत नाही. मग आसन पूर्ण मागे सरकवून त्याखालच्या लोखंडी पट्ट्यांवरून बोट फिरवतात, डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खळग्यात पाहतात आणि तिथल्या बोल्टच्या डोक्यांवर तांबूस पावडर दिसली की मान हलवून म्हणतात, ‘‘भाऊ, ही पोहून आलीये. चला, चहा घेऊ.’’ त्यांच्या या परीक्षेला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि तिच्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज पडत नाही. संगणक जोडून दोषांची यादी काढणे हे त्यानंतरचे काम. तेही अवश्य करावे, पण यादी पुसता येते, गंज पुसता येत नाही.

टायरांकडे लोक फक्त नक्षी किती उरली एवढ्यापुरतेच पाहतात. हौसेची गाडी कमी चालते, त्यामुळे तिच्या टायरांची नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र वयाने मेलेले असते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या संकेताचे शेवटचे चार आकडे पाहावेत. ३२१८ असे असतील तर तो टायर २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. या बाबतीत नाशिककराने विशेष दक्ष असावे, कारण इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला आणि कूपे घेणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो त्याच रस्त्याचा. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. काँक्रीटच्या सलग पृष्ठभागावर त्या वेगाने तासभर धावताना टायर तापतात, आतील हवेचा दाब वाढतो, आणि सहा-सात वर्षांचे शिळे रबर तो ताण सहन करीलच याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. मी तर असे म्हणेन, की जुनी कूपे घेताना चार नव्या टायरांची किंमत गाडीच्या किमतीतच मिळवून मगच सौद्याचा आकडा ठरवावा.

किमतीचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पन्नास-साठ लाखांना घेतलेली परदेशी कूपे दहा वर्षांत आपल्या मूळ किमतीचा फार मोठा हिस्सा गमावते, आणि तिचा भाव एखाद्या नव्या मध्यम गाडीच्या बरोबरीला येऊन ठेपला की खरेदीदाराला वाटते, आपण मोठाच लाभ साधला. परंतु भाव उतरतो तो गाडीचा. तिच्या हेडलाइटचा, शॉक अॅब्सॉर्बरचा, क्लचचा किंवा इंजिनाच्या संगणकाचा भाव उतरत नाही, किंबहुना चढत जातो. काही सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळतात, काही परदेशातून मागवावे लागतात आणि त्यावर जकात पडते. शिवाय अशा कित्येक गाड्यांची अधिकृत कार्यशाळा नाशिकमध्ये नसते, आणि बंद पडलेली गाडी फ्लॅटबेडवर चढवून घाट उतरवावी लागली तर त्या एका फेरीचा खर्चही लक्षात राहण्याजोगा असतो. म्हणून खरेदीच्या रकमेचा निदान चौथा हिस्सा पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बँकेत वेगळा ठेवण्याची ज्याची ऐपत आहे, त्यानेच हा व्यवहार करावा. दिवाणखान्यात हे गणित कठोर वाटते. कार्यशाळेच्या बिलासमोर ते सौम्य ठरते.

दस्तऐवजांच्या बाबतीत आपल्याकडे जी बेफिकिरी आढळते ती मला गाडीच्या कोणत्याही दोषापेक्षा अधिक चिंताजनक वाटते. गाडी ताब्यात घेतली, पैसे चुकते केले, एका कोऱ्या कागदावर सह्या झाल्या, की व्यवहार पुरा झाला असे अनेक जण मानतात. कायदा तसे मानत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमानुसार, गाडी त्याच राज्यात नोंदलेली असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत मालकीबदल नोंदणी अधिकाऱ्याकडे कळवला पाहिजे; त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात, आणि गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५ हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे निःसंदिग्धपणे स्पष्ट केले आहे, की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून फिरली असली तरी दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जाईल आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी येईल. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून अधिकारपत्राची तरतूद लागू झाली आहे. ते अधिकारपत्र दाखवायला सांगण्यात संकोच करू नये.

परराज्यातील गाडीचा मोह हा याहून वेगळा विषय. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ पासून जे निर्बंध आले त्यामुळे तिकडच्या आलिशान गाड्या अत्यंत स्वस्तात इकडे देऊ केल्या जातात. अशी गाडी घेतली तर मूळ कार्यालयाचा ना हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, घेऊन ती येथे बारा महिन्यांच्या आत नव्याने नोंदवावी लागते आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. आपल्या राज्यात हा कर पेट्रोल गाडीला किमतीच्या अकरा टक्क्यांपासून सुरू होतो आणि परदेशातून तयार आणलेल्या गाडीला वीस टक्के इतका आहे. दिल्लीत वाचलेले पैसे पेठ रस्त्यावरच्या परिवहन कार्यालयात जमा करण्यापेक्षा ‘एमएच’ क्रमांकाचीच, शक्यतो एकाच मालकाची गाडी थोडी महाग घेणे मला श्रेयस्कर वाटते. गाडी पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असेल तर पुनर्नोंदणीचे शुल्क आणि पर्यावरण कर हे दोन खर्चही धरावेत.

विम्याविषयी थोडक्यात. खरेदीनंतर चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याची दरखास्त करावी, कारण तिऱ्हाइताच्या नुकसानीची हमी गाडीबरोबर आपोआप येत असली तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची हमी तशी येत नाही. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत जुन्या मालकाची असते, गाडीची नव्हे. पाण्याने इंजिन निकामी झाल्यास सामान्य पॉलिसीत भरपाई नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

हिवाळ्याची गाडी घेतली म्हणजे उरलेल्या महिन्यांचीही जबाबदारी अंगावर घेतली, ही गोष्ट खरेदीच्या उत्साहात विसरली जाते, आणि माझ्या पाहण्यात अशा गाड्यांची जितकी हानी उभ्या उभ्या झाली आहे तितकी रस्त्यावर झालेली नाही. ज्येष्ठात ती झाकून ठेवण्यापूर्वी धुऊन, तळ वाळवून, आतील चामडे पुसून घ्यावे. अन्यथा श्रावण उजाडेपर्यंत आसनांवर पांढरी बुरशी चढते. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणाला धरून बनवलेले नाहीत, तेव्हा टाकी अर्धवट रिकामी ठेवून गाडी चार महिने उभी करणे हे दुहेरी नुकसानीचे आहे. टाकी भरून ठेवावी, दर पंधरा दिवसांनी इंजिन पुरते तापेपर्यंत गाडी फिरवावी किंवा बॅटरीला मंद भाराचा चार्जर लावून ठेवावा, हातब्रेक सोडून चाकांना अटकाव लावावा. उंदरांचा उपद्रव तर सर्वांत मोठा. पावसात बिळांत पाणी शिरले की ते बॉनेटखालच्या ऊबदार जागेत येतात आणि एका रात्रीत तारांचा जुडगा कुरतडतात. अलीकडच्या गाडीत तो जुडगा बदलण्याचा खर्च कित्येकदा इंजिनाच्या दुरुस्तीच्या तोडीचा असतो. खालून बारीक जाळी बसवणे आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून पाहणे याला पर्याय नाही. उघड्यावर, झाडाखाली उभी करण्यापलीकडे ज्याच्याकडे जागा नाही त्याने ही गाडी घेऊ नये.

इतक्या अटी सांगितल्यावर वाचकाला वाटेल की माझा कल नकाराकडे आहे. तो तसा नाही. ज्या कुटुंबात पावसाची गाडी वेगळी आहे, बंदिस्त जागा आहे, दुरुस्तीची रक्कम बाजूला आहे आणि श्रावणात पाहून पारखलेली, एकाच मालकाची, महाराष्ट्रात नोंदलेली गाडी मिळते आहे, त्या कुटुंबाने ती जरूर घ्यावी. कारण मार्गशीर्षातल्या सकाळी दिंडोरीवरून वणीकडे किंवा हरसूलच्या घाटवळणांतून अशी गाडी चालवण्याचा आनंद खरा आहे आणि तो पन्नाशीनंतर वाट पाहत बसण्याजोगा नाही. मात्र परतीचा प्रवास अंधार पडण्यापूर्वी आटोपावा. याच महिन्यांत लासलगावच्या कांद्याचे ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्यांच्या मागे दिवा किंवा परावर्तक पुष्कळदा नसतो, आणि जमिनीलगत बसलेल्या चालकाच्या डोळ्यांच्या नेमक्या पातळीवर ट्रॉलीची मागची लोखंडी कड येते.

गाडी आवडली तर नाव बदलण्याची दरखास्त दसऱ्यापूर्वीच रुजू करावी. सणाच्या आठवड्यात नव्या गाड्यांच्या नोंदणीने परिवहन कार्यालय भरलेले असते आणि जुन्या गाडीचे कागद मागे राहतात. भाद्रपदात दिलेले कागद साधारणतः थंडी सुरू होईपर्यंत नव्या नावाने हातात पडतात.